अण्णांची चरबी आणि ढगातली एंट्री

पोटावरची चरबी आणि ऑफिसातले किस्से एकाच पद्धतीने साठतात. रोज थोडं थोडं जमत असतं, आपलं लक्ष नसतं. मग एक दिवस बुटाची नाडी बांधायला वाकावं तर हात पोचत नाही, तेव्हा कळतं की बरंच झालंय! आमचं तर ऑफिसच चरबीचं. त्यामुळे माझ्याकडे दोन्हींचा साठा भरपूर आहे. चरबी कुणी घेत नाही, म्हणून किस्से वाटतो.

ऑफिस म्हणजे सांगलीतल्या एका हॉस्पिटलच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. प्रकल्पाचं खरं नाव इतकं लांब आहे की ते दारावरच्या पाटीवर मावलं नाही. सगळे ‘चरबी हापिस’च म्हणतात. माणसं तीन. प्रमुख डॉक्टर वैशाली मॅडम, मूळच्या वाईच्या, अंगानं काडी. जीपचे ड्रायव्हर अन्वरभाई. आणि गावोगाव फिरून लोकांना तयार करणारा मी, सुहास. पद कोऑर्डिनेटर, काम विनवण्या करणं.

काम काय, तर चरबीच्या पेशी ॲडिपोनेक्टिन नावाचं एक प्रथिन तयार करून रक्तात सोडतात. ते यकृताला आणि स्नायूंना सांगतं, आलेली साखर नीट वापरा, चरबी जाळा. माणूस सुटला की हे प्रथिन सहसा कमी होतं आणि मग मधुमेह दारात येऊन उभा राहतो. पण काही जाडजूड माणसांत ते चांगलं भरपूर असतं, आणि काही काटकुळ्यांत नसतं. असं का? रक्तातलं प्रथिन सांगलीत मोजता येतं. पण ते चरबीत बनतं कसं आणि अडतं कुठे, हे बघायला चरबीचाच तुकडा लागतो. बेंबीच्या बाजूला भूल देऊन सुईनं काढलेला, हरभऱ्याच्या डाळीएवढा.

हे सगळे तुकडे आमच्या एका डीप फ्रीजरमध्ये, उणे ऐंशी तापमानात. सगळी गावं झाली की ते एकदम पुण्याला तपासायला जायचे. तोवर फ्रीजर बंद पडता कामा नये. पडला तर सगळं पाणी, कारण पोटात सुई माणूस एकदाच टोचून घेतो. मॅडम सकाळी आल्या की आधी फ्रीजरचा आकडा बघायच्या आणि मग चपला काढायच्या.

*

पहिलं शिबिर फलटणला. ‘पोटावरची थोडी चरबी काढून घेतली जाईल, शुल्क नाही,’ असं मीच ग्रुपवर टाकलं होतं. सकाळी बघतो तर रांग रस्त्यावर! निम्म्या बायका, आणि प्रत्येकीनं ओढणी किंवा पदर सारून चरबीची जागा नेमकी दाखवायची तयारी केलेली.

एक मावशी आत आल्या, खुर्चीत बसल्या आणि दंड पुढे केला. म्हणाल्या, “हितनं सुरू करा. मग पाठ. पोटाचं शेवटी बघू.”

मॅडमनी त्यांना समजावलं, फक्त डाळीएवढी काढायची आहे. मावशींनी मॅडमकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग बाहेरच्या रांगेकडे तोंड करून ओरडल्या, “चला गं घरी! नुसती चव बघणारेत!”

अर्ध्या तासात रस्ता मोकळा. त्या दिवशी फलटणमध्ये एकच नमुना मिळाला, तोही चहा द्यायला आलेल्या माणसाचा.

*

उपाशीपोटी रक्त घेणं ही आमच्या भागात अशक्य गोष्ट आहे. लोक उपाशी राहत नाहीत असं नव्हे. पाहुण्याला उपाशी ठेवत नाहीत, आणि पाहुणा तर मीच!

कडेगावला तानूआज्जी म्हणून होत्या. आदल्या दिवशी बजावून आलो, “आज्जी, सकाळी आम्ही येईपर्यंत काही खायचं नाही.” सकाळी गेलो तर शिरा तयार, दोन ताटं मांडलेली. एक मला, एक अन्वरभाईंना. मी म्हटलं आधी रक्त. आज्जी म्हणाल्या, “आदी खावा. गार हुतंय.” खायला बसलो. आज्जी समोर. दोन घास खाल्ले असतील, त्यांनी तिसरं ताट ओढलं.

“आज्जी, अहो रक्त!”

“आरं बाळा, पावन्याला एकलं जेवू घालत्यात व्हय? तुज्या घरात घालत्यात?”

दुसऱ्या खेपेला मी आधीच सांगितलं, आम्ही काहीही खाणार नाही. आज्जींना इतकं वाईट वाटलं की त्यांचा बीपी वाढला. तो दिवस त्यातच गेला.

तिसऱ्या खेपेला आज्जींनी स्वतःच तोड काढली. स्वयंपाकघराला कुलूप घातलं आणि किल्ली शेजारणीकडे दिली. मी खूश. सिरिंज काढली, आज्जींनी हात पुढे केला, आणि मागनं शेजारीण कांदेपोह्यांचं पातेलं घेऊन आली.

मी म्हणालो, “अहो, आज्जींनी मुद्दाम कुलूप घातलंय!”

“तिनं तिच्या घराला घातलंय. माज्या न्हाई!”

शेवटी रक्त मिळालं, पण अन्वरभाईंनी पातेलं घेऊन अंगणात पळ काढला म्हणून. प्रकल्प सुरू झाल्यापासून माझं वजन किती वाढलंय ते मॅडमनी विचारायचं सोडून दिलं आहे.

*

आता जगूअण्णा. पलूसजवळच्या एका गावचे जुने पैलवान. कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. मनानं इतके मोकळे की नमुना द्यायला पलूसच्या शिबिरात स्वतः चालत आले. आमच्या वजनकाट्यावर उभे राहिले आणि काट्यानं आकडा दाखवायचं नाकारलं. नुसत्या रेघा!

मी म्हणालो, “अण्णा, अंदाजे लिहितो.”

अण्णांना अपमान वाटला. “अंदाजे? आवं, मी काय पाऊस हाय?”

मग आम्ही गेलो उसाच्या वजनकाट्यावर. काट्यावरचा माणूस म्हणाला, एवढं कमी वजन आमच्याकडे नीट दिसत नाही. अण्णांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी कमी म्हटलं होतं. ते लाजले. शेवटी अण्णांना ट्रॅक्टर-ट्रॉलीसकट काट्यावर घेतलं, मग अण्णांना खाली उतरवून पुन्हा ट्रॉली घेतली, आणि वजाबाकी केली. दोन्ही वेळा आकडा तोच आला! चौकशी केली तेव्हा कळलं, अण्णा उतरल्यावर त्यांच्या जागी त्यांचे तीन मित्र गंमत बघायला ट्रॉलीत चढले होते.

सुई टोचायच्या वेळी अण्णांनी डाळीएवढा तुकडा बघितला आणि खिन्न झाले. “एवढीच? मॅडम, मी एवढ्या लांबनं आलो. जरा तरी न्या!”

आठवड्यानं रिपोर्ट आले. साखर, कोलेस्टेरॉल, यकृत, सगळं ठणठणीत. आणि रक्तात ते प्रथिन भरपूर! मॅडमनी नाव सांगितलं. अण्णा म्हणाले, “ॲडिपोनेक्टिन? एवढं लांब नाव आमच्यात पैलवानाचंबी नसतंय.”

*

त्याच शिबिरात कडेगावचे भोसले गुरुजी होते. निवृत्त हेडमास्तर. रोज पहाटे चालणार, साखरेला स्पर्श नाही, पोट आत गेलेलं, शर्ट हँगरला लावल्यासारखा. त्यांचा रिपोर्ट वाईट आला. साखर वाढलेली, यकृतावर चरबी, आणि प्रथिन अगदी कमी.

गुरुजी तडक ऑफिसात. “माझा पेपर बदलला गेला आहे. मला फेरतपासणी हवी.”

फेरतपासणी केली. तेच. तरी गुरुजी मानेनात. त्यांच्या मते अण्णांचा रिपोर्ट त्यांचा होता आणि त्यांचा अण्णांचा. “चरबी कुणाच्या अंगावर आहे हे डोळ्यांना दिसत नाही का?”

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “गुरुजी, चरबी हे नुसतं कोठार नाही. ती सतत निरोप पाठवत असते. अण्णांची चरबी कातडीखाली आहे आणि निरोप पाठवते आहे. तुमची थोडीच आहे, पण ती आत यकृताशी जाऊन बसलीय आणि गप्प आहे.”

अन्वरभाई दारात उभे होते. “म्हणजे गुरुजी, अण्णांचा फोन लागतो. तुमचा नॉट रिचेबल.”

गुरुजी रागानं पलूसला गेले, खुद्द अण्णांनाच जाब विचारायला. आम्हाला वाटलं, आता मारामारी होणार. मारामारी कसली? अण्णांनी त्यांना जेवायला बसवलं. जेवण वाढायला अण्णांची मुलगी शीतल, बी.फार्म. झालेली. तिनं गुरुजींना त्यांच्याच गोळ्या कधी घ्यायच्या ते नीट समजावून सांगितलं. गुरुजींचा मुलगा लग्नाचा होता. परत येताना गुरुजी थेट आमच्या ऑफिसात आले.

“मॅडम, एक शास्त्रीय शंका. मला तर ते प्रथिन मिळणार नाही. पण त्यांची मुलगी आमच्याकडे दिली, तर नातवंडांना मिळेल का?”

मॅडम गडबडल्या. “गुरुजी, हे इतकं सरळ नसतं. त्यात अनेक गोष्टी असतात, खात्री देता येत नाही.”

“खात्री पत्रिकेचीही नसते,” गुरुजी म्हणाले. “प्रयत्न करायला काय हरकत आहे?”

लग्न ठरलं. शास्त्रासाठी जमलेलं आमच्या भागातलं बहुधा पहिलंच.

*

या सगळ्यात एक प्रथा पडली. हळद विकायला, कोर्टाच्या तारखेला, दवाखान्याला, कुठल्याही कामानं कुणी सांगलीला आलं की ते आपला तुकडा बघायला यायचे. आजारी नातेवाइकाला भेटायला यावं तसं! कुणी हातात शहाळं आणायचं. कुणी विचारायचं, “आत लय गार तर न्हाई?” मॅडम दार उघडू द्यायच्या नाहीत. मग लोक बाहेरनंच फ्रीजरला हात लावून, दोन मिनिटं उभे राहून जायचे. खंडेनवमीला अण्णांनी झेंडूचा एवढा मोठा हार आणला की आकड्याची पट्टी झाकली गेली आणि मॅडम बेशुद्ध पडायच्या बाकी राहिल्या.

एकदा अण्णांनी विचारलं, “मॅडम, तुमी एवढा जीव तोडून हे का करताय? तुमच्या पोटात तर चरबीचा दाणा न्हाई.”

मॅडम म्हणाल्या, “माझे बाबा असेच होते. माझ्यासारखे. वाईला रोज घाटावरून चालायला जायचे. लोक म्हणायचे, यांना काय होतंय! कुणी कधी साखर तपासली नाही. मीही नाही, डॉक्टर असून. एके दिवशी चालायला गेले ते परत आले नाहीत. या फ्रीजरमध्ये उत्तर असेल असं मला वाटतं, अण्णा. निदान दुसऱ्या कुणाच्या बाबांसाठी.”

अण्णांनी टोपी काढली, टेबलावर ठेवली, आणि सदरा वर केला.

“ह्या बाजूनंबी एक काढा.”

*

आणि आता लग्नाचा दिवस. भर मे महिना. अण्णांच्या गावाजवळचं मंगल कार्यालय, दुपारी साडेबाराचा मुहूर्त. मी फेटा बांधून ऑफिसात आलो, मॅडमना घेऊन निघायचं होतं. जिन्यातच टीं टीं ऐकू आलं. फ्रीजरचा कॉम्प्रेसर गेला होता. मॅडम लग्नाची साडी नेसून, स्टुलावर बसून, फ्रीजरच्या दाराला पाठ लावून होत्या. कुणी चुकून उघडू नये म्हणून.

“सुहास, दार बंद राहिलं तर काही तास धरेल. कंपनीचा माणूस उद्या येतो म्हणतोय. कोरडा बर्फ पुण्याहून यायला संध्याकाळ होईल.” त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. हॉस्पिटलातले बाकीचे फ्रीज आमच्या मालाला कोमट.

अन्वरभाई म्हणाले, “मॅडम, कोरडा बर्फ म्हणजे तोच ना, धूर येतो तो? नवरीच्या एंट्रीला सोडतात?”

मॅडमनी स्टुलावरनंच दाराकडे बोट दाखवलं. मग जीप अशी सुटली की माझा फेटा उडून विट्यापर्यंत गेला असला तरी मला कळलं नाही.

मांडव गच्च. आणि कोण कोण? फलटणचा चहावाला, कडेगावच्या तानूआज्जी, अण्णांचे ट्रॉलीतले मित्र. आमच्या फ्रीजरमधले अर्धे मालक पंगतीत बसून जिलेबी खात होते आणि त्यांचे तुकडे सांगलीत वितळायच्या बेतात!

डेकोरेटरकडे थर्माकोलच्या दोन मोठ्या पेट्या भरून कोरडा बर्फ होता. तो म्हणाला, “साहेब, देता येणार नाही. ढगातली एंट्री बुक आहे. नवरीनं महिनाभर प्रॅक्टिस केलीय.”

मी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं. अण्णांचा चेहरा पडला. “आमचं आत हाय ते... समदं?”

“समदं, अण्णा.”

अण्णा शीतलच्या खोलीत गेले, मला ओढतच. ती मेकअप करून बसलेली. अण्णा दारातच अडखळले. पोरीचा ढग मागायचा, तोही लग्नादिवशी! “शीतल... मॅडमचा फ्रीज बंद पडलाय. तुज्या ढगाचा बर्फ लागतोय.”

शीतलनं आरशातनं बघितलं. “त्यात तुमचं आहे ना, पप्पा?”

“माजं हाय. तुज्या सासऱ्याचं हाय.”

“मग विचारत काय बसलाय? द्या की!” ती म्हणाली. मग वळून, बोट रोखून, “पण पप्पा, धूर मला पायजे. कुठनं आणायचा ते तुमी बघा!”

अन्वरभाईंनी पेट्या उचलल्या. जीप गाड्यांच्या रांगेत अडकली होती, म्हणून फुलांनी सजवलेली नवरदेवाची गाडी काढली आणि पुढच्या काचेवर ‘शीतल वेड्स संदीप’ घेऊन ते सांगलीला गेले. मीही निघणार होतो. अण्णांनी मनगट धरलं. “जेवल्याबिगर मांडवातनं कोण जात न्हाई.” पैलवानाची पकड ती. मी पानावर बसलो. समोर ठेवलेल्या फोनकडे बघत होतो.

तिकडे मुहूर्त टळत चालला, पण त्याची चिंता नव्हती. आमच्याकडे अक्षतांआधी आशीर्वादाची भाषणं असतात. अण्णांनी सगळं सांगितल्यावर, धुराची सोय होईपर्यंत वेळ काढायला गुरुजी स्वतः माईकवर गेले. ज्यांनी आयुष्यात शाळेची घंटा एक मिनिट उशिरा वाजू दिली नाही, ते एकेका पुढाऱ्याला बोलवत राहिले. पुढारी संपले तेव्हा म्हणाले, “आता ज्यांनी ज्यांनी पोटाची चरबी दिली आहे, त्या सर्वांनी उभं राहावं. त्यांची चरबी या क्षणी संकटात आहे. आपण दोन मिनिटं शांत राहू या.”

लोक उभे राहिले. तानूआज्जींनी हात जोडले. एवढा मोठा मांडव, आणि आवाज फक्त पंख्यांचा. मला खरंच रडू आलं.

भटजी घाबरून पुढे आले. “गुरुजी, दोन मिनिटं शांतता लग्नात नसते हो!”

मघाशी अण्णांनी सरपंचांच्या कानात काहीतरी सांगितलं होतं, त्याचा परिणाम दिसायला लागला. बाहेर फटफट आवाज झाला. ग्रामपंचायतीचा शिपाई मारुती, पाठीवर डास मारायचं धुराचं मशीन अडकवून, नवे कपडे घालून मांडवात शिरला. मागे शीतल, शालू सावरत, अगदी प्रॅक्टिस केल्यासारखी संथ चालत. गाणं लागलं. मारुतीनं खटका ओढला.

ढग म्हणजे ढगच! नवरी दिसेना, नवरदेव दिसेना, भटजी मंगलाष्टकांच्या जागी खोकायला लागले. मारुतीला सवय गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. तो स्टेजपाशी थांबलाच नाही. स्टेजला वळसा घालून पंगतीत गेला, पंगतीतून भांडी घासायच्या जागेकडे, तिथनं पुन्हा मांडवात. अण्णा ओरडत होते, “मारुत्या, थांब! लगीन हाय, डेंगू न्हाई!” मशीनच्या आवाजात त्याला काही ऐकू जात नव्हतं. कुठूनतरी गुरुजींचा आवाज आला, “शुभ मंगल सावधान!” आणि धुरातच अंदाजानं चहूबाजूंनी अक्षता पडायला लागल्या. बऱ्याच माझ्याच डोक्यावर पडल्या.

माझा फोन वाजला. मॅडम.

“सुहास, वाचलं! सगळं वाचलं! आकडा परत खाली येतोय!” त्या हसत होत्या का रडत होत्या, कळत नव्हतं. “अण्णांना सांग. आणि शीतलला सांग, माझ्याकडून... ऐक ना, लागलं का लग्न?”

मी चहूकडे बघितलं.

“मॅडम, लागलंय. कुणाचं ते धूर गेल्यावर सांगतो!”